नऊ मुलींचा एकच नंबर

निलम आडे हिनं ते पान एका दुपारी तयार केलं. २००७ सालचा ऑगस्ट होता. सेनगावात संतराम सरांचा कॉम्प्युटर क्लास होता आणि निलम तिथं शिकवायची. तिच्या बंजारा तांड्यावरून कॉलेजात गेलेली ती पहिली मुलगी. बी.ए.चं दुसरं वर्ष. सकाळी जीपनं यायची, दोन बॅच घ्यायची, मग कॉलेज.

सर म्हणाले, "निलम, हिंगोलीवाल्यांचे क्लास इंटरनेटवर दिसून राहिले. आपण काय घोडं मारलं?"

पान फुकटात बनवता येत होतं. तिनं बनवलं. वर क्लासचं नाव, खाली विद्यार्थी. फोटो स्कॅन केले. प्रत्येक फोटोखाली नाव, गाव, संपर्क क्रमांक. प्रवेशाच्या फॉर्मवर हे सगळं होतंच. तिनं फॉर्म पुढ्यात घेतले आणि जसंच्या तसं उतरवलं. असं करण्याआधी कुणाला विचारायचं असतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. सरांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

तांड्यावरच्या नऊ मुली क्लासला होत्या. निलमनंच घरोघर बसून, आयांची समजूत काढून त्या आणल्या होत्या. एकीच्याही घरी फोन नव्हता. अख्ख्या तांड्यावर एक मोबाईल, तो निलमच्या बापाचा, वसरामचा. रेंज त्यांच्या छपराच्या एका कोपऱ्यातच यायची. म्हणून फोन तिथं कापडी पिशवीत टांगलेला असे. कुणाचं बाळंतपण, कुणाची मयत, सगळ्यांचे निरोप त्याच पिशवीत. साहजिकच नऊही मुलींनी फॉर्मवर तोच नंबर लिहिला होता. निलमनं तो नऊ वेळा टाइप केला. दहाव्यांदा स्वतःच्या फोटोखाली.

पान उघडलं तेव्हा बॅचनं टाळ्या वाजवल्या. संगिता तिची चुलतबहीण, प्रेमदास काकाची मुलगी, अकरावीत. ती म्हणाली, "बाई, मी आता अमेरिकेत दिसत असंल का गं?"

"दिसत असशील. केस विंचरून आली असतीस तर चांगली दिसली असतीस."

पंधरा दिवसांनी पहिला फोन आला. वसरामनं उचलला.

"संगिता है क्या?"

"कोन बोलून राहिला?"

"उसका दोस्त."

वसरामनं फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी कुणी रूपाला विचारलं. मग आणखी एकीला. आठवडाभरात सहा नावं झाली. वसरामला इंटरनेट ठाऊक नव्हतं. त्याला एवढंच कळत होतं, की परक्या पोरांना आपल्या मुलींची नावं माहीत आहेत आणि त्यांच्याकडं आपला नंबर आहे. तो मुलींनीच दिला असणार. दुसरं कोण देईल?

त्यानं भावाला सांगितलं. प्रेमदासनं तांड्याच्या नायकाला, रामसिंगला सांगितलं. संध्याकाळी देवळापुढं बैठक बसली. मुलींचा क्लास बंद. संगिताचं नाव पहिलं आलं होतं, म्हणून तिची शाळाही बंद. पुसदकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. दिवाळीनंतर उरकून टाकायचं ठरलं.

"म्या कुणालाच नंबर दिला न्हाई," संगिता रडत म्हणाली.

"मग तुझं नाव त्याला वाऱ्यानं सांगितलं का?" प्रेमदास म्हणाला.

निलम बायकांमध्ये उभी होती. नंबर आपल्या पानावरून गेला, हे तिला तेव्हा कळलं.

सकाळी पहिल्या जीपनं ती क्लासला गेली आणि पान काढून टाकलं. एक मिनिट लागलं. तिला वाटलं, संपलं.

फोन थांबले नाहीत. तिनं इंटरनेटवर स्वतःचंच नाव शोधलं. दुसऱ्याच एका पानावर सापडलं. कुणीतरी सगळं उचलून नेलं होतं. तेच फोटो, तीच गावं, तोच नंबर. फक्त विद्यार्थिनींऐवजी वर इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं, दोस्तीसाठी मुली. पान कुणाचं, त्याचा पत्ता नाही. तळाशी एक ईमेल होता. तिनं तीनदा लिहिलं. उत्तर आलं नाही.

सर म्हणाले, "आपण तर काढलं ना? आता आपला काय संबंध?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "पोलिसात गेलीस तर क्लासचं नाव निघंल. अन् तुझंबी."

दोन दिवस ती जेवली नाही. सांगितलं तर कॉलेज जाणार होतं. नाही सांगितलं तर संगिता. तिसरी वाट ती शोधत राहिली. तिसऱ्या दिवशी ती नायकाच्या दारात गेली. बाप आणि काका तिथंच बसले होते.

"नंबर म्या दिला. सगळ्यायचा. कॉम्प्युटरवर लिवला."

"कुठं हाय तो कागद?" वसरामनं विचारलं. "फाडून टाक."

"बा, ते कागदाचं न्हाई."

"मग कशाचं हाय?"

ती म्हणाली, "आपण नंबरच बदलू."

रामसिंग हसला. "दीडशे घरं हाच नंबर देऊन बसलीत, पोरी. ऊसतोडीला गेल्यावर माणसं फोन कुठं करतील? तुझ्या कॉम्प्युटरवर?"

वसराम घरी आला. छपराची पिशवी काढली आणि निलमच्या हातात दिली.

"तू लिवलास ना? मग तूच उचल."

संगिताची शाळा पुन्हा सुरू झाली. पुसदचं स्थळ मागं पडलं. बाकीच्या मुली शाळेत जातच होत्या, क्लासला मात्र पुन्हा कुणी गेली नाही. निलमचं कॉलेज त्या दिवशी संपलं. तशी बंदी कुणी घातली नव्हती. पण येणारा फोन कुणाच्या मयतीचाही असू शकत होता, त्यामुळं एकही सोडता येत नव्हता. आणि रेंज त्या कोपऱ्यातच होती.

ती उचलायची. राँग नंबर, म्हणायची. काही जण शिव्या द्यायचे, काही गाणी ऐकवायचे. एकजण निलमचंच नाव घेऊन फार अदबीनं म्हणाला, तुमचा फोटो पाहिला, तुम्ही शिक्षिका वाटता. त्या दिवशी तिनं फोन ठेवला आणि पाणी भरायला जायचं विसरली.

दोन वर्षांनी संगिता बारावी झाली. नांदेडला नर्सिंगला नंबर लागला. वसतिगृहाचा फॉर्म घेऊन ती निलमजवळ येऊन बसली. तोवर तांड्यावर आणखी आठदहा मोबाईल आले होते.

"बाई, इथं माझ्या बाचा नवा नंबर टाकू का?"

"नको. तो अजून कुणाला ठाऊक न्हाई. तसाच राहू दे."

"मग?"

"हाच लिही. याचं जे व्हायचं ते होऊन गेलं."

संगितानं लिहिला. शेवटचे आकडे लिहिताना तिचा हात थांबला.

"अन् बाई, तू किती दिस बसशील इथं?"

पिशवीत फोन वाजायला लागला. निलम उठली.

"हॅलो. कोण पाहिजे?"