व्हॅनचा आवाज

इलेक्ट्रिक गाडीबद्दल मला कुणी मत विचारू नये, कारण मग मी थांबत नाही. पिकअप जबरदस्त, खर्च किरकोळ, गियरची कटकट नाही, सगळं मान्य. मी स्वतः घेतलीय आणि पाम बीच रोडला पळवतोसुद्धा. पण ती आली ते कळत नाही. जिचा आवाज घरात कुणी ओळखत नाही, ती घरची गाडी कशी म्हणायची? मित्र म्हणतात, जग कुठे चाललंय आणि हा सायलेन्सरसाठी रडतोय. रडतोय तर रडतोय.

नवी मुंबईतल्या आमच्या बोनकोडे गावात नवी गाडी आली की पूजा ठरलेली. आधी इंजिन चालू करायचं, मग आई बॉनेटला हळदकुंकू लावणार, ओवाळणार, आणि शेवटी चाकाखालची लिंबं चिरडत गाडी पुढे घ्यायची. आईची नजर गेली काही वर्षं अधू झालीय, ती सगळं कानानं धरते. ही गाडी आली तेव्हा ती ताट घेऊन समोर उभी राहिली, इंजिन कधी सुरू होतंय त्याची वाट बघत. मी स्क्रीनकडे बघत होतो, मला वाटलं ओवाळून झालं. ब्रेकवरचा पाय उचलला, गाडी सरकली आणि ताट खणकन खाली पडलं. लागलं नाही, नशीब. पण आईचा चेहरा पार उतरला. "चालू कदी केलीस?" एवढंच ती म्हणाली.

आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये मागच्या भिंतीला थोरल्या भावाची पेट्रोल व्हॅन उभी होती. बाबांनी ही व्हॅन बिल्डिंग बांधताना सामान आणायला घेतलेली, पण तिच्यातून सिमेंटपेक्षा पोरंच जास्त फिरली. भाऊ कॉलेजच्या कबड्डी संघाचा कॅप्टन. कॉलेज जिमखान्याची फी घ्यायचं दणकून, आणि खेळाडूंना द्यायचं काय, तर एक बनियन आणि दोन केळी. गाडीभाड्याचं नाव नाही. मग अख्खा संघ आमच्या व्हॅनमध्ये कोंबायचा आणि निघायचं, कधी उरणला, कधी रबाळ्याला. मीही मध्ये कुठेतरी कुणाच्या तरी मांडीवर. त्या सीटना बामचा वास लागला तो कायमचा.

मग कॉलेजनं स्वतःची स्पर्धा भरवली. मंडप होता, पाहुण्यांना शाली होत्या, स्पीकरच्या भिंती उभ्या केल्या होत्या. डॉक्टर नव्हता. भाऊ चढाई करून परत आला, रेषेपाशी बसला, छातीवर हात ठेवला आणि आडवा झाला. त्याला त्याच व्हॅनमधून नेलं. गाडी मी चालवत होतो. मागे पोरं त्याला हाका मारत होती. एका सिग्नलच्या पुढे त्या हाका थांबल्या, आणि मला मागे वळून विचारायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर व्हॅन रस्त्यावर काढली नाही. दर रविवारी सकाळी फक्त चालू करून ठेवायचो. बॅटरी उतरू नये म्हणून, असं बायकोला सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. इंजिन चालू झालं की मागचं सरकतं दार खडखडायचं, भाऊ चढताना खडखडायचं तसंच, आणि मला वाटायचं, आला. मी आरशात बघायचो नाही. तेवढ्यात पहिल्या मजल्याच्या खिडकीतून आईचा आवाज यायचा, "आलास का रं?"

भाऊ व्हॅन लावायचा तेव्हा ती हेच विचारायची, याच खिडकीतून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. बायको म्हणाली, त्यांना एकदा नीट समजावून सांगा. काय सांगणार, कपाळ? मी वर जायचो, आई चहा हातात द्यायची, तो खिडकीपाशी बसून प्यायचो. कधीकधी मला तिची भीती वाटायची, हे खरं आहे.

गेल्या वर्षी कॉलेजातून फोन आला. आता तिथे इनडोअर हॉल आहे, मॅट आहे, ट्रॅकसूटवर बिल्डरांच्या जाहिराती आहेत, फिजिओ आहे. हॉलच्या दारात जुन्या संघाची आठवण म्हणून आमची व्हॅन ठेवायची होती. इंजिन काढून, रंग देऊन, काचेच्या खोलीत. माझं डोकंच फिरलं. पैसा आला तशी यांना आठवणही आली. पण व्हॅनचे कागद संपले होते, खाडीच्या हवेनं पत्रा खालून सडला होता, स्टार्टर रडायला लागला होता. आज ना उद्या ती बंद पडणारच होती. मला काळजी एकच: तो आवाज गेला तर आईचं काय होईल? तिचा मुलगा रविवारी घरी यायचा तो त्या आवाजावर. तो तिच्याकडून काढून घेणारा मी कोण?

शेवटी घाबरतच तिला विचारलं. ती मेथी निवडत होती, हात थांबला नाही. म्हणाली, "नेऊ दे. फुकट नेऊ दे. पन त्यांना सांग, खेल असंल तवा दारात डॉक्टर आनि अॅम्ब्युलन्स उबी पायजे. ती नसंल त्या दिवशी मी येऊन माजी गाडी परत नेईन." मी जसंच्या तसं कळवलं. त्यांनी मान्य केलं, लेखी दिलं.

न्यायच्या दिवशी मी व्हॅन शेवटची चालू केली. आई खाली आली होती, बॉनेटवर तळहात ठेवून उभी राहिली. दार खडखडलं. त्या दिवशी तिनं काही विचारलं नाही. मग टोइंगवाल्यानं हूक लावला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ऑफिसातून आलो. आई पार्किंगमध्ये खुर्ची टाकून गल्लीकडे तोंड करून बसली होती. गाडी तिच्या बाजूनंच आत घेतली, तिला पत्ता नाही. उतरून जवळ जाऊन उभा राहिलो, तरी ती गल्लीकडेच कान देऊन होती. बायको जिन्यावरून म्हणाली, "आई, वर चला आता." आई म्हणाली, "थांब जरा. तो आजून आला नाय."

झालं, आता ती रोज इथे बसून त्याची वाट बघणार. मी हळूच विचारलं, "कोन, आई?"

ती दचकली. हात पुढे करून तिनं माझा शर्ट चाचपला आणि घट्ट धरला.

"तू," ती म्हणाली. "दुसरा कोन येनार हाय मला?"