रांगेत मोजलेला रक्तदाब

माझ्या आईवर अन्याय झाला. यंदा संक्रांतीच्या आदल्या सोमवारी, सकाळी साडेनऊ वाजता, सोलापुरातल्या एका विडी कारखान्याच्या दारात. तो करणाऱ्यांत मीही होते.

आई घरी विड्या वळते आणि सकाळी हजार विड्या घेऊन तिथं रांगेत उभी राहते. टेबलाशी बसलेला कारखान्याचा चेकर मूठभर उचलतो, दाबून बघतो, नापसंत त्या मोडून टाकतो. तेवढ्या पुन्हा वळून भरून द्यायच्या.

“काय मावशी, झोपंत वळल्या का?” तो विचारतो.

मागच्या बायका हसतात. त्यांचाही नंबर यायचा असतो.

त्या सोमवारी आमच्या विडी कामगार संघटनेनं तिथंच आरोग्य तपासणी ठेवली. कल्पना माझी. एवढ्या बायका एका जागी आणखी कुठं सापडणार? डॉक्टरांनी रांगेतच एकेकीच्या दंडाला पट्टा बांधला. आईचा रक्तदाब भलताच वर. लगेच गोळ्या दिल्या. मी पत्रकासाठी आकडे उतरवत होते. खूश होते, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या दिवशी गोळी घेतल्यावर मोरीतून उठताना आईला चक्कर आली. उजवं मनगट मोडलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळी बंद करून आठवडाभर रोज तिला शांत बसवून रक्तदाब मोजला. ठीक निघाला.

“तेव्हा मोजला कुठं?” त्यांनी आईला विचारलं.

“रांगेत की. चेकरम्होरं.”

मग त्यांनी मला समजावलं. भीती वाटली की मेंदू मज्जातंतूंतून इशारा देतो, मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी अ‍ॅड्रिनलिन सोडतात, छाती धडधडते, दाब चढतो. मागोमाग कॉर्टिसोल येतं, रक्तातली साखर वाढवतं. धोका टळला की हे सगळं उतरतं. रोजच धोका असेल तर शरीराला उसंत मिळत नाही, ते आतून झिजतं.

“टेन्शन घेऊ नका,” त्या आईला म्हणाल्या.

“मी कुटं घेते बाई? तितं वाटत्यात की.”

प्लास्टर निघालं, पण बोटं पूर्वीसारखी मिटत नाहीत. विड्या सैल होतात, चेकर जास्त मोडतो. आता घरून निघतानाच तिच्या तळहातांना घाम सुटतो. तो थांबवणारी गोळी मी कुठून आणू?

विड्या तपासताना वळणाऱ्यांच्या बाजूच्या एका माणसाला चेकरच्या टेबलाशी बसू द्या, एवढीच मागणी आम्ही केली. कारखान्यानं उत्तर दिलं नाही. देईल असं वाटतही नाही. पत्रकांवरचा माझा विश्वास उडालाय, या कागदावरचासुद्धा.

तेव्हा वाचून हळहळू नका. उद्या सकाळी साडेनऊला या आणि त्या टेबलाशी माझ्या आईच्या बाजूनं बसा.