शाल लागणार नाही: जुन्या मोटारीतून मोताळा ते दुसरबीड

हीटर मला कितीला पडला? दुकानदाराच्या बिलात सात हजार. खरा हिशोब: सात हजार, सगळे रविवार, एक चांगला शर्ट आणि बायकोचा, सुमनचा, अबोला.

माझी जुनी मोटार हवेवर थंड होते. रेडिएटरच नाही, म्हणून गरम पाण्याचा हीटर बसत नाही. विजेचा लावावा तर बॅटरी मान टाकते. पेट्रोल जाळणारा मिळतो, पण पायाशी चूल पेटवायची माझी हिंमत नाही. राहिला मूळचा: सायलेन्सरच्या नळीभोवती पत्र्याची पेटी, तिच्यातून तापलेली हवा पायाशी. जुन्या पेट्या सडलेल्या, नव्या टाकल्या. तुम्ही टाकाल तर गळती आधी तपासा; धूर आत आला तर जिवावर बेततं.

एवढा खटाटोप अक्कासाठी. माझी मोठी बहीण, मोताळ्याची. धाडच्या बाजारात पंक्चर काढायचो तेव्हा हिच्याच भाकरीवर उभा राहिलो. थंडीत तिचा दमा उसळतो, आणि दुसरबीडची तिची बालमैत्रीण गोदाबाई अंथरुणाला खिळलेली. उन्हाळ्याची वाट पाहण्यासारखी परिस्थिती नव्हती. फोनवर मी छाती ठोकली, "मोताळा ते मोताळा, शाल लागणार नाही!"

उजाडताच मोताळ्याहून अक्काला घेऊन मी आणि सुमन निघालो. राजूर घाटात मोटार दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढली आणि पायाशी भट्टी लागली. अक्कानं शाल काढली. "काऊन रे बापू, मले भाजून राह्यला का?"

मी सुमनकडे विजयी मुद्रेनं पाहिलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

चिखलीला गरम आलूबोंडे खा. पुढे रस्ता बरा आहे.

गोदाबाईनं अक्काचा हात धरला तो सोडेचना. "आली का वं? मले वाटलं, आता वरच भेटू."

"वर कायले? वर हीटर नाई."

दोघी खोकेपर्यंत हसल्या. माझे सगळे रविवार तिथेच वसूल झाले.

परतताना बुलढाण्यात दिवस मावळला. चहाच्या टपरीवर सुमननं पर्समधून शेकायची रबरी पिशवी काढून उकळतं पाणी भरून घेतलं. पैसे विचारले तर टपरीवाला म्हणाला, "पाण्याचे कायले घेतो, दादा?"

"हीटर असताना पिशवी?" मी.

"असू द्या हो."

घरी येऊन आता लिहितोय. अक्काचा फोन आला, दम लागला नाही, झोपते म्हणाली. सुमनचे, त्या टपरीवाल्याचे उपकार आहेत. कारण घाट उतरताना इंजिनाला काम नसतं, आणि काम नसलेलं इंजिन ऊब देत नाही. अक्का मोताळ्याला उतरली ती स्वतःची शाल, सुमनची शाल आणि माझं जाकीट अंगावर, नि ती पिशवी छातीशी घेऊन.