उद्याच्या कोड्याची उत्तरे

वाचनालयात त्याला कोश म्हणत. एका दैनिकात चाळीस वर्षे मुद्रिते तपासून तो निवृत्त झाला होता, आणि त्या चाळीस वर्षांत त्याने एकच सुख मनापासून भोगले होते: दुसऱ्याची चूक. चूक सापडली की त्याच्या चेहऱ्यावर पोटभर जेवल्याची तृप्ती यायची.

निवृत्त झाल्यावर हे सुख त्याने वाचनालयाच्या लांब टेबलापाशी आणले. खिडकीजवळची खुर्ची त्याची. वर्तमानपत्र आठला येई, पण दहापर्यंत शब्दकोड्याला कोणी पेन्सिल लावायची नाही, असा तिथला अलिखित कायदा होता. दहाला म्हातारे गोळा होत, जेवढे जमेल तेवढे भरत, आणि अडले की कोशाकडे पाहत. कोश लगेच सांगत नसे. आधी समोरच्याने ‘मला येत नाही’ असे मोठ्याने म्हणायचे. ही त्याची ऑफिसातलीच सवय.

“येत नाही,” जन्मभर बसमध्ये तिकिटे फाडलेला कंडक्टर म्हणे.

“कोणाला येत नाही? तुझ्या बसला?”

“मला येत नाही.”

“हां. आता कसं. तिकिटावर छापत नाहीत असे शब्द, तुला कुठून येणार?”

सगळे हसत. कंडक्टरही हसे. त्या टेबलाशी बसायचे तर हसावे लागे.

मग शब्द जाऊ लागले. एका सकाळी जिन्याची पायरी कोशाच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, आणि तिला काय म्हणतात ते त्याला सापडेना. घर तेच, दार तेच, दारावरची पाटी तेवढी कोणीतरी काढून नेलेली. आज डोके दुखते आहे, असे सांगून तो उठला. दुसऱ्या आठवड्यात तीनदा डोके दुखले. डॉक्टरने तपासले आणि शुभवार्ता द्यावी तसे म्हटले, “एकदम जाणार नाहीत. थोडे थोडे जातील.”

खुर्ची गेली की आपल्याकडे काय उरते, याचा हिशेब त्याला करावा लागला नाही. दोन खोल्या, बायको आणि समोरची भिंत. बायकोला आणि भिंतीला त्याच्याकडून कोणताही शब्द नको होता.

त्याने पानवाल्याला फोन लावला. पानवाला म्हणजे त्याच दैनिकात पाने लावणारा माणूस. आता विभागाचा प्रमुख झालेला, पण त्याआधीची अठरा वर्षे कोशाच्या हाताखाली सापडलेला. त्याच्या पानात चूक निघाली की कोश ते पान घेऊन हॉलच्या मधोमध उभा राही आणि “ऐका हो, आजचे मोती,” म्हणून एकेक चूक वाचून दाखवी. पानवाल्याचे लग्न ठरले त्या दिवशीही त्याने वाचल्या होत्या, पेढे वाटून होईपर्यंत थांबून.

“साहेब! तुम्ही? मोती संपले की काय?”

कोशाने मागणी सांगितली. उद्याच्या कोड्याची उत्तरे संध्याकाळी सातपर्यंत पानात लागलेली असतात. तेवढी फोनवर वाचून दाखवायची. एवढीच मदत.

“देतो की. तुमच्यासाठी काय पण. फक्त आधी म्हणा.”

“काय?”

“साहेब, विसरलात? आम्हाला तर पाठ आहे.”

कोशाने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाला, “मला येत नाही.”

“जरा मोठ्यानं. इथे मशीनचा आवाज आहे.”

मशीनचा आवाज नव्हता. फोन स्पीकरवर होता आणि मागे पाच-सहा माणसे नाक दाबून हसत होती. कोशाला ते ऐकू आले. त्याने वाक्य पुन्हा म्हटले.

तेव्हापासून रोज सातला हेच होई. पानवाला एकेक अक्षर सुटे करून सांगे, पहिलीतल्या पोराला सांगावे तसे. कोश ते मोठ्याने म्हणे आणि बायको पाठकोऱ्या कागदावर उतरवून घेई. मग ती आकडा विचारी आणि तो शब्द म्हणे. अर्थाच्या वाटेने शब्दापर्यंत जाणे आता जमत नसे. अर्थ मध्ये आला की गोंधळ होई. म्हणून त्याने आकड्याला शब्द बांधून टाकला होता. एक आडवे, पारिजातक. चार आडवे, दस्तऐवज.

“सात आडवे?” बायको विचारी.

“सात... सात...”

“वा...”

“सांगू नकोस! तू घाई करतेस म्हणून जातं माझं. आणि अक्षर बघ कसलं हे. मुंग्या चिरडल्यात कागदावर.”

बायको पुढचा आकडा विचारी. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तिने माहेरी एक पत्र लिहिले होते. पोस्टात टाकायला म्हणून नवऱ्याकडे दिले. त्याने ते उघडले, लाल शाईने तपासले आणि तिच्या उशीवर ठेवले. बावीस चुका. त्यानंतर तिने वाणसामानाच्या यादीशिवाय काहीच लिहिले नव्हते. आता एकेचाळीस वर्षांनी ती रोज संध्याकाळी त्याच्यासाठी शब्द लिहीत होती.

पाच महिने हे निभावले. निभावले कसले, कोश पूर्वीपेक्षा मोठा झाला. आता तो इतरांना भरूच देत नसे. डोळे मिटून खुर्चीत रेलायचा आणि कोणी क्लू वाचायला लागला की वाक्य पुरे होण्याआधी उत्तर फेकायचा. म्हातारे अवाक होत. ग्रंथपालबाई काम सोडून दारात उभ्या राहत. “ह्या वयात हे डोकं!” असे कोणीतरी रोज म्हणे, आणि कंडक्टर पेन्सिलीने मुकाट्याने चौकोन भरी.

एका संध्याकाळी पाठांतर आटोपून कोश अंघोळीला गेला आणि फोन वाजला. बायकोने उचलला.

“काकू, साहेबांना सांगा, आयत्या वेळी अर्ध्या पानाची जाहिरात आलीय. मोठं कोडं उचललं आणि मुलांच्या पानावरचं छोटं टाकलंय. सोपंय अगदी, पण उत्तरं लिहून घ्या. नाहीतर उद्या फजिती व्हायची त्यांची, आणि आमची रोजची करमणूक बंद.”

“सांगते त्यांना.”

“लिहून नाही घेत?”

“मुलांचंच आहे ना,” ती म्हणाली. “त्यांना येईल.”

कोश टॉवेल गुंडाळून बाहेर आला. “कोण होतं?”

या प्रश्नापर्यंत आपण सांगणार आहोत, असे तिलाही वाटत होते.

“राँग नंबर.”

“राँग नंबरशी एवढ्या गप्पा? बाकी तुझ्याशी बोलायला राँग नंबरच लागणार म्हणा.” स्वतःच्या विनोदावर तो खूश झाला. “चल, पुन्हा एकदा विचार. सगळं.”

तिने कागद घेतला आणि एक आडवेपासून सगळे विचारले. जलपर्णी, अनामत, निर्वासित, खलबत्ता, तो धडाधड म्हणत गेला. त्या दिवशी त्याचा एकही शब्द चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी दहाला तो रेलून बसला आणि त्याने डोळे मिटले. कंडक्टरने पान उलगडले. त्याला काहीतरी वेगळे दिसले असावे, कारण तो क्षणभर थांबला. मग नेहमीच्या आवाजात वाचू लागला.

“एक आडवे. सुईत ओवतात...”

“जलपर्णी.”

टेबल गप्प झाले. कंडक्टरने आजूबाजूला पाहिले.

“कोशसाहेब, सुईत ओवतात तो. दोन अक्षरी.”

कोशाला ही शांतता ओळखीची वाटली. रोज अशीच पडत असे, कौतुकाची. “पुढचं वाच,” तो म्हणाला.

“चार आडवे. आईचा भाऊ.”

“अनामत.”

कोणीतरी खोकल्यात हसू लपवले. ग्रंथपालबाई दारातून दोन पावले आत आल्या. कंडक्टरचा चेहरा उजळला होता. तो आता सावकाश वाचू लागला, पुढचा थांबा पुकारावा तसा.

“सात आडवे. पक्ष्याचं घर.”

“निर्वासित.” आवाज जरा हलला होता.

“नऊ आडवे. रात्री आकाशात दिसतो.”

“खल... खलबत्ता.”

टेबल फुटले. एकाचा चष्मा खाली पडला, दुसऱ्याने टेबलावर डोके टेकून पाठ हलवली. “आकाशात खलबत्ता!” म्हणत एक जण उठून खिडकीतून वर बघून आला. कोशाने डोळे उघडले. पानावर इवलेसे कोडे होते, मोठ्या चौकोनांचे, बाजूला सशाचे चित्र.

“पुरे आता,” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“थांबा हो बाई, सहा राहिलीत,” कंडक्टर म्हणाला. मग कोशाकडे वळून अगदी मऊ आवाजात, “ते सोडा. एकच सांगा. आईचा भाऊ. आपण त्याला काय म्हणतो?”

कोशाला मामा होते. तीन. एकाचे जाड मनगट, दुसऱ्याची सायकल, तिसऱ्याचा तंबाखूचा वास, सगळे एकदम समोर आले आणि पाहत उभे राहिले. नाव कोणीच सांगितले नाही. त्याचे ओठ हलले. सगळे वाकून वाट पाहत होते, आणि आता कोणी हसत नव्हते. ते त्याला हसण्यापेक्षा वाईट वाटले.

तो उठला. छत्री राहिली म्हणून कोणी हाक मारली नाही. तो दाराशी पोचेपर्यंत कंडक्टर खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता, आणि एक आडव्यात ‘दोरा’ लिहीत होता.

संध्याकाळी सातला कोशाने फोन लावला. आकडे दोनदा चुकले.

“तू... काल... ससा...”

“साहेब, आठला फोन केला होता मी,” पानवाला म्हणाला. या वेळी मागे कोणी हसत नव्हते. “काकूंना सांगितलं सगळं. त्या म्हणाल्या, त्यांना येईल. उद्याचं घेताय ना लिहून? तयार आहे.”

कोशाने फोन ठेवला.

बायको पलंगावर बसून त्याचे धुतलेले शर्ट घडी करत होती. तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

“तू,” तो म्हणाला.

तिने हातातला शर्ट मांडीवर ठेवला आणि वर पाहिले. “काय? बोला.”

“तू मला... तू माझा...”

राग पुरा होता. त्या रागाचा शब्द तेवढा नव्हता. त्याने हवेत हात फिरवला, जणू फळीवर ठेवलेली वस्तू अंधारात चाचपावी. ती पाहत राहिली. तो कोणता शब्द शोधतो आहे ते तिला कळत होते. तिच्या जिभेवर तो तयार होता, एकही चूक नसलेला.

“किती अक्षरी आहे?” तिने विचारले.

आणि तो, सवयीने, बोटांवर मोजू लागला.