पप्पांचे कान

आमच्या घरातले पहिले फौजी म्हणजे माझे वडील. त्यांच्या आधीचे सगळे ओझी वाहणारे. आबा, म्हणजे पप्पांचे वडील, तरुणपणीच मुखेडकडच्या खेड्यातून लातूरला आले आणि आडत बाजारात हमालीला लागले. तुरीचं पोतं पाठीवर घेऊन ते फळीवरून ट्रकमध्ये चढायचे. शाळा सुटल्यावर पप्पा बाजारात गेले, तर आबा त्यांना पोत्याला हात लावू द्यायचे नाहीत. "ही पाठ माझ्यापाशीच संपू दे," म्हणायचे. नांदेडला फौजेची भरती निघाली तेव्हा हमालांच्या टोळीतल्या लोकांनीच आबांना काम सोडून पोरासोबत जायला लावलं. पप्पा तोफखान्यात निवडले गेले. दुसऱ्या दिवशी बाजारात भेटेल त्याला आबा ते सांगत होते.

माय दालमिलमध्ये डाळ निवडायला जायची. पप्पा सुट्टीवर आले की घराला सण यायचा, पण दर सुट्टीला टीव्हीचा आवाज थोडा वाढलेला असायचा. त्याचा अर्थ आमच्या लक्षात आला नाही. मायच्या आला असावा. ती काही विचारायची आणि पप्पा नुसतं "हाव, हाव" म्हणायचे.

नोकरी संपवून ते कायमचे आले, त्या दिवशी मी त्यांना आणायला बसस्टँडवर गेले. गर्दीत ते पाठमोरे उभे होते. मी मागून दोनदा, तीनदा हाक मारली. ते वळले नाहीत. जवळ जाऊन हात धरला तेव्हा दचकले आणि मग हसले. इतकी वर्षं तोफांच्या जवळ काढून कान गेले होते, आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं.

पुढचे काही महिने वाईट गेले. चहाच्या टपरीवर कुणी "कधी आलात?" म्हणालं, तर पप्पा "दोन कप" म्हणायचे. लोक हसायचे. त्यात वाईट हेतू नसायचा, पण पप्पांनी टपरी सोडली. मग शेजारी सोडले. कानाचं मशीन घेतलं होतं, ते त्यांनी कपाटात टाकलं. "सगळा बाजार एकदम डोक्यात घुसतो," म्हणाले. दिवसभर दारात बसून बुटांना पॉलिश करत राहायचे. ते बूट घालून जायला आता जागाच नव्हती.

एका संध्याकाळी माय त्यांच्या समोर जाऊन बसली आणि सावकाश म्हणाली, "मिल चालू झाली की आम्ही समद्या बहिऱ्याच असतोत. आमचं कुठं अडतंय?"

ते खरंच होतं. मशीनच्या खडखडाटात शेजारणीचा आवाजही ऐकू यायचा नाही, म्हणून तिथल्या बायका ओठांवरून आणि हातांवरून बोलायच्या. सासू, पोरीचं लग्न, मुकादमाची नक्कल, सगळं बिनआवाजाचं.

"मला लेकरासारखं शिकवू नको," पप्पा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी माय डबा मुद्दाम घरी विसरून गेली. डबा घेऊन पप्पांनाच जावं लागलं. मिलमध्ये ते दाराशी उभे असताना समोरची एक बाई मायला ओठांनीच काहीतरी म्हणाली आणि दोघी हसल्या. पप्पा बघत राहिले. संध्याकाळी माय घरी येताच त्यांनी विचारलं, "ती मला 'वाळलेत' म्हणली का?"

माय हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली आणि मग इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरात शाळा भरली. माय भाकरी थापता थापता आवाज न काढता बोलायची, पप्पा ओळखायचे. 'मामा', 'बाबा', 'पापा' ओठांवर एकसारखेच दिसतात, म्हणून तिने हाताच्या खुणाही शिकवल्या. मी तोंडातल्या तोंडात बोलायचे, तर ती माझी हनुवटी धरून वर करायची.

पण आबांचं बोलणं पप्पांना कळेना. आबांच्या मिशा भरघोस. वरचा ओठ पुरता झाकलेला. आबा बोलले की पप्पा मायकडे बघायचे आणि माय ते पुन्हा सांगायची. आबा हे रोज पाहत होते.

एका रविवारी ते न्हाव्याकडे गेले आणि मिशा काढून आले. तो ओठ मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर तेवढीच जागा फिकी होती. मायने तोंडाला पदर लावला. आबा थेट पप्पांच्या समोर जाऊन बसले.

"जेवलास का?"

पप्पा त्यांच्याकडे बघत राहिले. "जेवलो," म्हणाले. मग विचारलं, "कशापायी काढल्या?"

"घाम लई येतो," आबा म्हणाले. थंडीचे दिवस होते.

दुसऱ्या दिवशी बाजारात सगळ्यांनी त्यांना विचारलं, घरात कोण वारलं म्हणून. "कुणी न्हाई," आबा म्हणाले, "पोराशी बोलायचं हाय." हे मला त्यांच्या टोळीतल्या एका म्हाताऱ्यानेच पुढे सांगितलं. आबा घरी हे कधी बोलले नाहीत.

पप्पा नंतर मायच्याच मिलमध्ये मशीनवर लागले. त्या गोंगाटात ते इतरांपेक्षा कुठेच कमी नव्हते. मिलच्या दोन टोकांना उभं राहून नवराबायको दिवसभर बोलायचे. भांडायचेही. टपरीवर पप्पा पुन्हा जाऊ लागले.

आबांच्या शेवटच्या दुखण्यात त्यांचा आवाज गेला. दवाखान्यात आम्ही सगळे खाटेभोवती उभे असायचो आणि ते काय म्हणतात ते कुणालाच समजायचं नाही. पप्पा वाकून त्यांच्या ओठांकडे बघायचे आणि आम्हाला सांगायचे: उशी सरकवा, खिडकी उघडा, पोरीला घरी पाठवा, ती दमली.

मी आता नांदेडला नर्स आहे. माय-पप्पा माझ्याकडेच असतात. मागच्या महिन्यात मायला कवळी बसवली. आरशात बघून ती खूश झाली, पण पप्पा वैतागले. तिचे ओठ आता वेगळेच हलतात म्हणे. मायने दोन दिवस ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर ती त्यांच्या समोर पाट घेऊन बसली आणि ती शाळा पहिल्यापासून सुरू केली.