कप गोळा होईपर्यंत

हॅल्वर बाकेनला कुणी काही सांगायची गरजच पडली नाही. दरीच्या काठावर तो गाडीतून उतरला, लाकडी पाइपला वेढलेल्या एका लोखंडी कड्यावर त्यानं बोट मारलं, आणि कडं खुळखुळलं. आजारातून उठलेल्या बाईच्या मनगटात बांगड्या खुळखुळाव्यात तसं.

"सफरचंदं उतरल्यापासून कोरडा ठेवलात?" त्यानं विचारलं.

"हो, काका," डेल म्हणाला.

डेल एम्ब्री पाणी कंपनीचा मॅनेजर. पोरगा वाईट नव्हता. याच मुलखात वाढलेला, लहानपणी याच पाइपच्या गळतीखाली अंघोळ केलेला. वसंतात शेजारचा सिमेंटचा नवा पाइप सुरू होणार, मग जुन्यात पाणी कशाला ठेवायचं, असा विचार त्यानं केला होता, आणि तो कुणालाही पटला असता. पण नव्या पाइपचे दरीच्या तळाचे तुकडे चाचणीतच तडकले. दुसरे सिएटलहून यायला महिना तरी लागणार होता. आणि दरीपलीकडे हार्लन गावच्या माळावर झाडांना बोराएवढी सफरचंदं धरली होती. पाऊस त्या भागात नावालाच. फळं आताच गळायला लागली होती.

"आठवड्यात पाणी पलीकडे गेलं नाही तर पीक गेलं," डेल म्हणाला. "नवी लावलेली झाडंसुद्धा जातील. भरेल का हा, काका?"

"मला काय विचारतोस? त्याला विचार."

बोलणं असं फटकळ, पण हॅल्वरचा हात तोवर फळ्यांवरून फिरायला लागला होता.

हा पाइप त्याच्या हातचा होता. त्याच्या आणि इतर पुष्कळांच्या, पण ते पुष्कळ आता उरलेत कुठं? बापाकडे पिंपं बांधायला शिकलेला हॅल्वर पंचविशीत नॉर्वेहून आला, तेव्हा त्याला इंग्रजीत 'हो', 'नाही' आणि 'अजून पाव' एवढंच येत होतं. काम मात्र बघताक्षणी कळलं. पिंपच ते, फक्त न संपणारं. दरीच्या एका अंगानं खाली उतरायचं, तळ ओलांडायचा आणि दुसऱ्या अंगानं वर चढून पलीकडच्या पाटात पाणी ओतायचं. आत माणूस वाकून चालेल एवढी रुंदी. लांब लांब फळ्या गोलाकार मांडायच्या. एक फळी जिथं संपते तिथं तिच्या शेजारचीनं संपता कामा नये. टोकाला टोक भिडलं की दोन्हींच्या खाचेत पत्र्याची पातळ जीभ ठोकायची, म्हणजे सांध्यातून पाणी निघत नाही. बाहेरून कडी चढवायची आणि लाकडी हातोड्यानं चहूबाजूंनी ठोकत गोल करायचं. खिळा नाही, डांबर नाही, सरस नाही. पुढचं काम पाण्याचं. लाकूड पाणी प्यायलं की फुगतं, फळी फळीला भिडते आणि पाइप आपला आपण बंद होतो. त्याला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ माणसाला दम धरवत नाही. खरी गोम तिथं आहे.

पहिल्यांदा पाणी सोडलं त्या दिवशी हार्लनचे सगळे लोक रविवारचे कपडे घालून काठावर जमले होते. पाणी आत शिरलं आणि हजार जागांनी बाहेर आलं. चिळकांड्याच चिळकांड्या!

"हा पाइप आहे का चाळण?" एक जण ओरडला. मागची घरंदारं विकून आलेली माणसं ती, त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. कामगारांना मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि जो तो पाना घेऊन कडी आवळायला धावला. मुकादम बोंबलत होता, "हात लावू नका!" कारण आज करकचून आवळलं तर उद्या फुगणाऱ्या फळीनं जायचं कुठं? तिची कड चिरडते, कडं लाकडात रुतून बसतं, आणि मग ती गळती जन्माची. पण ऐकतो कोण?

ऐकायला लावलं ते सिग्नेनं. ती कामगारांच्या तळावरची स्वयंपाकीण. निळ्या इनॅमलची भलीमोठी किटली एका हातात, कपांनी भरलेलं खोकं काखेत, अशी ती ओळीनं निघाली आणि प्रत्येकाच्या हातात कप कोंबत सुटली. वर दटावणी, "उकळती आहे, सांडाल!" आता हातात उकळती कॉफी असताना पाना कसा चालवायचा? माणूस बसतो आणि फुंकर मारतो. कप रिकामा झाला की ती पुन्हा भरायची. हॅल्वरपाशी आली तेव्हा तो आपल्या भाषेत म्हणाला, "मला नको."

"तुला विचारलं कुणी?" ती त्याच भाषेत म्हणाली.

हे तिचं त्याच्याशी पहिलं बोलणं. पुढं लग्न झालं, संसार झाला, पण बोलण्याचा सूर काही बदलला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, अजून चिळकांड्या उडत असतानाच, ती खोकं घेऊन आली आणि सगळ्यांचे कप गोळा करायला लागली. "चला, उठा. प्यायला तो." आणि खरंच, तेव्हा पाने लावले तर जिथं थोडंसं आवळायचं तिथं आवळता आलं, जिथं सैल सोडायचं तिथं सोडता आलं. संध्याकाळी पलीकडच्या पाटात पाणी पडलं. बाप्ये रडले.

तेव्हापासून तो रिवाजच झाला. दर वसंतात पाइप तपासणीसाठी थोडे दिवस रिकामा करायचा आणि पुन्हा भरायचा. त्या दिवशी सगळं गाव दरीत, आणि सिग्नेनं कप गोळा केल्याशिवाय कुणीही कड्यांच्या नटाला हात लावायचा नाही. मुकादम गेला, मॅनेजर बदलले, नियम तोच. तिला कसं कळतं, हे हॅल्वरनं किती वेळा विचारलं असेल!

"कान दिलेत ना देवानं? मग ऐक की," ती म्हणायची.

हॅल्वर पाइपचा राखणदार म्हणून तिथंच राहिला. खिशात मऊ लाकडाच्या पाचरी आणि हातात हातोडा घेऊन दरी चढायची आणि उतरायची. बारीक फटी बुजाव्यात म्हणून वरच्या तोंडाला पाण्यात भुसा आणि कोंडा सोडायचा. मग पंधरा दिवस हार्लनमध्ये ज्याच्या त्याच्या ग्लासात भुसा. नवा पाहुणा तोंड वाकडं करायचा आणि यजमान म्हणायचे, "प्या हो, सफरचंदंसुद्धा हेच पितात!" पाइपखाली सदा ओल, तिथं पुदिना माजलेला, आणि गारव्याला खुळखुळ्या साप वेटोळी घालून पडलेले. मुलांसाठी एक चिळकांडी हॅल्वर मुद्दाम ठेवायचा. कंपनीनं विचारलं की म्हणायचा, "शोधतोय, सापडत नाही." भर उन्हाळ्यात आपली ती एवढीशी दरी पोरांच्या किंकाळ्यांनी भरून जायची. ते दिवस फार चांगले होते, आणि चांगले आहेत हे तेव्हाही कळत होतं, ही त्यातली मोठी गोष्ट.

सिग्ने गेली त्या वसंतात त्यानं हातोडा कंपनीच्या टेबलावर ठेवला आणि घरी आला. पाणी सोडायच्या दिवशी तो पुन्हा दरीत गेला नाही. लोक आपली कॉफी थर्मासमधून आणायचे म्हणे. किटली त्याच्या घरी फळीवर होती तिथंच राहिली.

आणि आता हे. भरायचं ठरलं तेव्हा सगळं हार्लन उतरलं. कडी गळून पडू नयेत एवढेच नट हातानं फिरवले. ओली पोती पाइपवर पांघरली, ती वाळली की पुन्हा भिजवली. पाइपच्या वरच्या तोंडाचं दार चार बोटं उघडलं. पाणी आत गेलं, आणि पहिल्या दिवशीसुद्धा गळला नसेल असा पाइप गळायला लागला. भुसा सोडला, कोंडा सोडला. दिवस गेला, रात्र गेली. दुसऱ्या दिवशी ऊन डोक्यावर आलं तरी पलीकडच्या चढावर पाइप कुठवर भरला याची ओली खूण वर सरकेना. जेवढं आत जात होतं तेवढंच दरीच्या तळाला वाहून जात होतं.

हॅल्वरनं पलीकडच्या माळाकडं पाहिलं. लाकूड मेलं असेल तर? आपण थांबा थांबा म्हणायचं आणि तिकडं लोकांच्या बागा वाळायच्या? त्यानं पाना उचलला आणि सगळ्यात जास्त गळणाऱ्या सांध्यापाशी जाऊन नट आवळायला लागला. हॅल्वर आवळतोय म्हटल्यावर बाकीच्यांनी काय करावं? डेलसकट सगळ्यांनी पाने उचलले.

"हॅल्वर! हे काय चाललंय?"

आयडा स्टँपर. सिग्नेची जिवाभावाची मैत्रीण. पाटाच्या अगदी शेवटी तिची बाग, बहुतेक झाडं गेल्याच वर्षी लावलेली. पाणी आलं नाही तर सगळ्यात आधी तीच बुडणार होती. दरीची वाट उतरून ती धापा टाकत होती. एका हातात निळी किटली होती, आणि मागून तिचा जावई खोकं घेऊन येत होता.

"बाजूला हो, आयडा," हॅल्वर म्हणाला. "तुझीच झाडं वाळतायत."

"माझी झाडं मला दिसतात. पाना ठेव खाली."

"लाकूड म्हातारं झालंय. पहिल्यासारखं फुगायचं नाही आता."

"म्हातारा तू झालायस, आणि अक्कल गहाण टाकलीयस. ही किटली कशी ठेवली होतीस रे? आत कोळ्यानं संसार मांडला होता. घासून घासून हात गेले माझे." तिनं कप भरला आणि त्याच्यापुढं धरला.

"मला नको."

"तुला विचारलं कुणी?"

हॅल्वर तिच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं पाना खाली ठेवला, कप घेतला आणि दगडावर बसला. आयडा ओळीनं पुढं गेली. एकेक पाना खाली येत गेला.

उन्हात सगळे बसून राहिले. किटली चुलीवर जात होती, भरून येत होती. हॅल्वर ऐकत होता. अख्खी दरी फुसफुसत होती, त्यात वेगळं काय ऐकायचं? मग केव्हातरी त्याला झुडपातला एक पक्षी ऐकू आला. मघापासून ओरडत असणार, पण मघाशी तो ऐकू येत नव्हता. थोड्या वेळानं तळाच्या ओढ्याची खळखळ वेगळी कळायला लागली. चिळकांड्या दिसायला तेवढ्याच होत्या, आवाज मात्र खाली बसला होता. पलीकडच्या चढावर ओली खूण वीतभर सरकली.

म्हणजे हे ऐकायची ती. इतकी वर्षं हे ऐकायची, आणि आपण तिच्या शेजारी बसून कॉफी पीत होतो.

आता उठायला हवं होतं. पण कुणी उठेना. सगळ्यांचे कप रिकामे होते आणि ते तसेच हातात धरून माणसं बसली होती. डेलनं आयडाकडं पाहिलं.

"माझ्याकडं बघू नकोस," आयडा म्हणाली. "किटली मी आणली. कप गोळा करणं माझं काम नाही."

हॅल्वरनं सगळ्यांकडं एकवार पाहिलं. पांढऱ्या केसांचे होते, कालपरवाची पोरं होती, सिग्नेला नीट पाहिलंही नसेल अशा नव्या सुना होत्या. सगळे वाट बघत होते. तो गुडघ्यावर हात टेकून उठला. खोकं काखेत घेतलं. पहिल्यांदा डेलचा कप घेतला, मग शेजारचा, मग त्याच्या पुढचा.

"चला, उठा," तो म्हणाला. आणखी एक कप त्यानं खोक्यात ठेवला. "उठा. प्यायला तो."

माणसं पाने घेऊन पाइपवर पसरली. तो त्यांच्यात गेला नाही. एका उरलेल्या चिळकांडीखाली बसून तो एकेक कप विसळत राहिला. उन्हं कलली तेव्हा पलीकडच्या माळावरून पाटात पाणी पडल्याची आरोळी आली, मग दुसरी, मग सगळं हार्लनच ओरडायला लागलं. हॅल्वरला डोळे पुसायचे होते, पण दोन्ही हात ओले होते, म्हणून त्यानं ते वाहू दिले.