मावसाजींची डबी

टेलिफोनमधल्या खरखरीशी उभा जन्म वैर धरलेला माणूस अख्ख्या वांकिडीत एकच, आमचे मावसाजी. शाळेत चित्रकला शिकवायचे, पण जीव सगळा तारांत अडकलेला. कुणाकडे गेले की पाण्याच्या तांब्याआधी रिसीव्हर कानाला. “खरखर आभाळातून नाही येत, घरच्या विजेच्या तारेतून येते. आयका, गिरणी चालून राह्यली!” लग्नात लोक आहेराला भांडी देत, मावसाजी पत्र्याची डबी देत. आत मोडक्या रेडिओच्या तारेचं वेटोळं. मिक्सरच्या नाहीतर फ्रिजच्या वायरीत ती जोडली की विजेचा कचरा फोनपर्यंत जात नाही, हा त्यांचा दावा. मावशी कपाळाला हात लावायची. आमच्या फ्रिजला तर त्यांनी डबी स्वतः जोडली आणि वर कुंकूही लावलं.

नव्वदनंतरची गोष्ट. माझा थोरला भाऊ मंचेरियलला कोळशाच्या खाणीत होता. एका सकाळी खाणीचं छत पडल्याची अफवा गावात आली आणि आईनं ताट बाजूला सारलं. दुपारी दादाचा फोन आला, तो सुखरूप होता. पण आई कानानं मंद, त्यात फोनमध्ये नुसती खरखर. “हा माहा लेक नाही. तुमी कोणाले तरी बोलाले लावलं,” म्हणून ती रडू लागली. थोड्या वेळानं पुन्हा लावतो, असं दादा म्हणाला.

मावसाजी तसेच धावले. त्यांनी गिरणी थांबवली, दळणाला बसलेल्या बायांच्या शिव्या खाल्ल्या, शेजारचे पंखे बंद करवले. खरखर तशीच. शेवटी त्यांनी आमचा फ्रिज बंद केला आणि रिसीव्हरमधली खरखर एकदम थांबली. त्यांनी डबी उघडली. आतला सांधा सुटून ठिणग्या उडाल्याचा काळा डाग होता. साऱ्या आळीसमोर ते ओरडले, “अरे, माहीच डबी खरखरून राह्यली!” आणि ती उपटून काढली.

फोन वाजला. “आई, जेवली काय?” आईनं डोळे मिटले. “आता जेवतो रे बाबा,” ती म्हणाली.

नंतर मावसाजी घरोघर जाऊन डब्या परत मागत आणि बदल्यात स्टीलची वाटी देत. आईनं वाटी घेतली, पण डबी दिली नाही. “राहू द्या भाऊजी. तुमी हे उपटली म्हणून माहा लेक मले आयकू आला.”

आता मावसाजी नाहीत, आईही नाही. फोनमध्ये खरखर मुळीच नसते. डबी देवघरात आहे, आणि अजून तिला कुंकू लागतं.